ही पिशवी गेली, दुसरी बघा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपल्या रक्तपेढीचे संचालक महोदय, व्यासपीठावर विराजमान पाच रुग्णालयांचे प्रमुख डॉक्टर, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत आणि ज्या मघापासून माझ्याकडे कमी व घड्याळाकडे जास्त बघत आहेत त्या सत्कारमूर्ती, त्यांचे यजमान, सर्व सहकारी बंधुभगिनी, आणि चहाच्या थर्मासशेजारची मोक्याची जागा न सोडणारे मागच्या रांगेतले रसिक श्रोते!

मी या संस्थेचा पत्रव्यवहार सांभाळतो. तरुणपणी संस्कृत शिकलो, त्यामुळे साध्या पावतीलाही दोन समास लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. सत्कारमूर्ती मला ‘शास्त्रीबुवा’ म्हणतात. मीही गप्प बसलेलो नाही. त्यांचं ‘परंतुबाई’ हे नाव मीच ठेवलं, हे आज त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कबूल करतो. आता त्या माझी रजा अडवू शकत नाहीत.

परंतुबाई का? आपल्या जुन्या शास्त्रचर्चेत समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण, मनापासून मांडायचं आणि मगच ‘परंतु’ म्हणायचं, अशी रीत होती. ही रीत मी पुस्तकात वाचली. पाळताना पाहिली ती फक्त संगणक विभागात, या बाईंच्या टेबलाशी.

मागच्या वर्षी आपल्याकडे एक नवं साधन आलं. माझ्यासारख्यांसाठी सोप्या भाषेत सांगतो. माहितीचे तक्ते त्याला दाखवायचे: पिशवी क्रमांक, रक्तगट, मुदत, कोणत्या रुग्णासाठी राखून ठेवली. मग ते साधन स्वतःच जावा भाषेतला प्रोग्राम लिहून देतं, पडद्यावरची पानं तयार करतं, आणि कुठल्याही रुग्णालयातून ब्राउझर उघडला की आपला सगळा साठा समोर. ते घ्यावं की नाही हे पंधरा दिवसांत ठरवायचं होतं. समितीत तिघे: परंतुबाई, एक डॉक्टर आणि अहवाल लिहायला मी.

यात एक नाजूक गोष्ट होती. नवं साधन येणार ते बाईंचा स्वतःचा प्रोग्राम हटवून. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी तो एकटीने लिहिला. त्यांची मुलगी पाळण्यात होती तेव्हा तो सुरू झाला, आणि परवा तिचा निकाल लागला तेव्हाही तो चालूच होता. त्यामुळे व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. ‘या कसल्या हो म्हणतायत? स्वतःचं लेकरू कोण घराबाहेर काढेल?’ ही कुजबुज कोण करत होतं? सांगायला लाज वाटते, पण त्यात एक आवाज बराच संस्कृतप्रचुर होता.

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. कंपनीचे गृहस्थ आले. कडक इस्त्री, गोड वाणी. बारा मिनिटं घड्याळ लावून त्यांनी आमच्याच तक्त्यांवरून चालता प्रोग्राम उभा केला. शोधा, राखून ठेवा, सेव्ह करा, सगळं तयार! बाईंना जे काम पहिल्या वेळी सात महिने लागलं होतं, ते बारा मिनिटांत. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी तर त्याच दुपारी अहवाल लिहून टाकला. सात पानी. ‘सर्वथा ग्राह्य’ हा शब्द त्यात चार वेळा होता.

बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, पेपर व्हायचाय. पेढे कसले वाटताय?”

पुढचे आठ दिवस त्या साधनाकडे फिरकल्याच नाहीत. रक्तपेढीच्या काउंटरवर जाऊन बसल्या. तिथे दोघी काम करतात, आज तिसऱ्या रांगेत आहेत. त्या एकमेकींच्या सख्ख्या जावा. म्हणजे त्या आठवड्यात आमच्याकडे दोन प्रकारच्या जावांची परीक्षा चालू होती, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो, कारण थोरल्या जाऊबाई डोळे वटारतायत.

नवव्या दिवशी बाईंनी सगळ्यांना बोलावलं. कंपनीचे गृहस्थ होते, संचालक महोदय होते. दोन संगणक मांडले होते, पाठीला पाठ लावून. दोघी जावांना बसवलं. दोघींच्या पडद्यावर एकच पिशवी, एकशे चार नंबरची, दुर्मीळ गटाची. थोरलीच्या हातात एका रुग्णाचा कागद, धाकटीच्या हातात दुसऱ्याचा.

“मी टाळी वाजवली की दोघींनी सेव्ह दाबायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही.”

टाळी वाजली. दोन्ही पडद्यांवर हिरव्या अक्षरांत आलं, ‘यशस्वीरीत्या जतन केले.’

पिशवी एक. रुग्ण दोन. यश दोघींचं! नंतर दाबणारीची नोंद आधीच्या नोंदीवर चढून बसली होती, आणि आधीचीला त्याचा पत्ताही नव्हता.

गृहस्थांनी रुमाल काढला. “मॅडम, प्रत्यक्षात असं कधी होतं का?”

संचालक महोदयांनी नेमका प्रश्न विचारला, “बाई, तुमच्या जुन्या प्रोग्राममध्ये असं होत नाही ना?”

मित्रहो, इथे क्षणभर थांबा. अठरा वर्षांत आपल्याकडे एक पिशवी दोघांना गेल्याची एकही नोंद नव्हती. ‘नाही, कधीच झालं नाही’ एवढं बाई म्हणाल्या असत्या, तर ते शंभर टक्के खरं होतं. साधन परत गेलं असतं, त्यांचं लेकरू घरात राहिलं असतं. तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं असतं ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही.

बाई म्हणाल्या, “चला, बघू.”

सगळी वरात काउंटरवर. जुना प्रोग्राम, त्याच दोघी, तीच पिशवी. टाळी वाजली आणि सवयीने थोरली ओरडली, “एकशे चार, माझी!” धाकटीने चटका बसावा तसा हात मागे घेतला. एकच नोंद झाली. लोकांनी पुन्हा टाळ्या पिटल्या! संचालक महोदय म्हणाले, “जुनं ते पक्कं!” मी मनातल्या मनात सात पानं फाडायला घेतली.

“परंतु,” बाई म्हणाल्या, “आता तोंड मिटून.”

“ताई, ओरडल्याशिवाय कसं जमेल?” धाकटी म्हणाली. “आम्ही रुजू झालो त्या दिवसापासून ओरडतोय. जाऊबाईंनीच शिकवलं.”

“आणि मला माझ्या आधीच्या बाईंनी,” थोरली म्हणाली. “नाही ओरडलं तर घोळ होतो म्हणून.”

तिसऱ्यांदा टाळी वाजली. काउंटर शांत. दोन्ही पडद्यांवर नोंद झाली. दोघींना तीच पिशवी.

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. म्हणाल्या, “माझा प्रोग्राम नापास. अठरा वर्षं तो माझ्या अकलेवर चालला असं मला वाटत होतं. तो यांच्या घशावर चालला.” मग संचालकांकडे वळून, “साहेब, एका खोलीत घसा पुरतो. पाच रुग्णालयांत पुरेल का?”

मी माझ्या कुजबुजीबद्दल त्याच दिवशी माफी मागायला हवी होती. आज मागतो, माइकवरून.

राहिलेल्या सहा दिवसांत काय झालं? गृहस्थांनी दिलेली जाडजूड माहितीपुस्तिका बाईंनी पहिल्या पानापासून वाचली. आमच्या संस्थेत अशी पुस्तिका वाचणारी ती पहिली व्यक्ती. दोनशे बाराव्या पानावर इलाज सापडला. प्रत्येक पिशवीच्या नोंदीला बदलाचा एक आकडा जोडायचा. तुम्ही पाहिली तेव्हाचा आकडा आणि तुम्ही सेव्ह दाबता तेव्हाचा आकडा एकच असेल तरच नोंद घ्यायची, नाहीतर नकार द्यायचा. ही सोय त्या साधनात होती, फक्त बंद होती. ती चालू करायची, तर आमच्या तक्त्यात तो आकडा हवा. आमच्या तक्त्यात तो नव्हता, कारण अठरा वर्षांपूर्वी पाळणा हलवणाऱ्या एका बाईला तो सुचला नव्हता. हे वाक्य बाईंचं आहे, माझं नाही. मग तो आकडा त्यांनीच तक्त्यात घातला.

नकाराचा निरोप लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘सदर रक्तपिशवी पूर्वमागणीकर्त्यास वितरित झाली असल्याकारणाने भवदीय विनंती अस्वीकृत करण्यात येत आहे.’ बाईंनी तो थोरल्या जाऊबाईंना वाचायला दिला. त्या निम्म्यात म्हणाल्या, “अहो, इतकं वाचेपर्यंत पेशंटचं काय होईल?” बाईंनी पेन घेतलं आणि लिहिलं, ‘ही पिशवी गेली. दुसरी बघा.’ आणि खाली, सर्वांत जवळची दुसरी पिशवी कुठे आहे ते. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं संपादन ते.

पंधराव्या दिवशी चौथी टाळी वाजली. एक पडदा हिरवा. दुसऱ्यावर ते पाच शब्द. धाकटी खुर्चीतून उठून ओरडली, “जाऊबाई, मला मिळाली! आणि कुणी ओरडलंच नाही!” कंपनीच्या गृहस्थांनीच सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या, हे त्यांचा मोठेपणा म्हणून सांगितलं पाहिजे. साधन स्वीकारलं. माझ्या सात पानांचं एक पान उरलं. त्यावरचं शेवटचं वाक्य बाईंच्या अक्षरात आहे: ‘जुना प्रोग्राम बंद करावा. – तो लिहिणारी.’

नवं काम सुरू झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात, भर दुपारी, दोन रुग्णालयांनी एकाच मिनिटात एकच दुर्मीळ पिशवी मागितली. एकीकडे बाळंतीण, दुसरीकडे अपघातातला गवंडी. एका डॉक्टरांना पिशवी मिळाली. दुसऱ्यांना निरोप मिळाला, आणि तिसऱ्या रुग्णालयातली पिशवी वीस मिनिटांत पोचली. दोघंही आपापल्या पायांनी घरी गेले. त्या दुपारी काय टळलं, हे त्या दोघांनाही माहीत नाही. त्यांना ते कळवू या का, असं मी बाईंना विचारलं होतं. पत्राचा मसुदाही तयार होता. त्या म्हणाल्या, “काही झालंच नाही, त्याचं पत्र कसलं लिहिता?”

बाई, तुमची आयुष्यभराची कमाई नेमकी तीच. काही झालंच नाही! आज या सभागृहात तुम्हाला एकच विनंती करतो: तुमच्या ‘परंतु’ची जागा रिकामी ठेवू नका. अधूनमधून काउंटरवर या, आणि टाळी वाजवून जा.

समारोप करतो. सभागृह सजवणारे, चहा अजून गरम ठेवणारे, आणि आज पहिल्यांदाच इतका वेळ न ओरडता बसलेल्या आमच्या दोघी काउंटरताई, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाची थट्टा वर्मी लागली असेल, तर तो दोष माझ्या जिभेचा समजून पोटात घालावा.

एक शेवटचा अपराध मात्र उघड सांगतो. मघाशी शेजारी बसलो असताना अध्यक्ष महोदयांच्या हातातल्या कागदावर माझी नजर गेली. त्यांच्याही भाषणात हीच टाळ्यांची गोष्ट आहे. गोष्ट एक, वक्ते दोन. सेव्ह मी आधी दाबलं.

साहेब, ही गोष्ट गेली. दुसरी बघा.