तुमी म्हनाल तिथं कुंपण

...आणि वर म्हणतो काय, तर "भाऊसाहेब, तुमी म्हनाल तिथं!" झालं! एवढंच! आवाज चढवला नाही, बाह्या सरसावल्या नाहीत, वाडवडिलांना मध्ये आणलं नाही... आता मला सांगा, ही काय हद्दीवर बोलायची रीत झाली? तुम्हाला सांगतो, माझा उभा जन्म दौंडला कचेरीत गेला. बांधाच्या तक्रारी माझ्या टेबलावरून पुढं जायच्या. सख्खे भाऊ पाहिलेत मी, एका डब्यात भाकरी बांधून आणलेले आणि वीतभर जमिनीसाठी एकमेकांना पाण्यात बघणारे! आणि इथं हा अयुब, भाऊ नाही, भावकी नाही, नुसता शेजारी, आणि म्हणतो तुमी म्हनाल तिथं! माणूस भांडत नाही, म्हणजे आत काहीतरी आहे. आहेच!

आता प्रकरण तरी काय? रिटायर झालो, न्हावऱ्याला चार खोल्यांचं घर बांधलं. शेजारी हा अयुब. एसटी स्टँडच्या रस्त्याला त्याचं ग्रिल-गेटचं वेल्डिंगचं दुकान, घरी म्हातारी आई बिबीजान, दिवसभर अंगणात बाजेवर बसून सगळ्या जगावर लक्ष ठेवणारी. दोन घरांच्या मध्ये बाभळीच्या काट्यांची जुनी वई. आता काट्यांची वई म्हणजे काय, दर उन्हाळ्यात मोडते, दर उन्हाळ्यात नवी घालतात, आणि घालणारा जिथं सावली असेल तिथून सुरू करतो. ती कधी इकडं सरकते, कधी तिकडं. म्हटलं, एकदाचं तारेचं पक्कं कुंपण करून टाकू. पण कुठं करायचं? वईच्या अलीकडं की पलीकडं? कारण वईला अगदी खेटून, आमच्या बाजूला, आमच्या चांगुणाबाईंचा शेवगा! घराचा पाया खणला त्याच दिवशी तिनं फांदी रोवलेली. तिला विचाराल तर आधी शेवगा, मग घर, मग मी.

मी आठवडाभर तयारी केली. तो काय बोलेल, मग मी काय बोलेन, मग तो उसळेल, मग मी शांतपणे नियम सांगेन... सगळं पाठ! गेलो. म्हटलं, "अयुबभाई, हद्दीचं जरा बोलायचंय." तर हा हातातला चष्मा बाजूला ठेवून हसतो आणि म्हणतो, "बोलायचं काय त्यात? तुमी म्हनाल तिथं. खांबाला लोखंडी अँगल माज्या दुकानातनं आनू." माझी सगळी तयारी वाया! वर चहा पाजला. आल्याचा!

तिथून निघालो तो थेट सर्जेरावांकडं. सर्जेराव म्हणजे गावातले बांध मिटवणारे. म्हणजे आधी पेटवणारे आणि मग मिटवणारे. त्यांना सांगितलं, तर त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "तुमी म्हनाल तिथं... आसं म्हन्ला?" म्हटलं, हो. "हसून म्हन्ला?" म्हटलं, हसून. "आन् च्या बी पाजला?" म्हटलं, आल्याचा. मग छताकडं बघून म्हणाले, "भाऊसाहेब, जपून ऱ्हावा. भांडनारा मानूस परवडला, त्याचं मन तरी कळतंय." बघा! मी एकटाच म्हणतोय का? माणूस भांडत नाही, म्हणजे आत काहीतरी आहे!

तुम्ही म्हणाल, सरकारी मोजणी का नाही मागवली? अहो, मोजणी मागवली म्हणजे आपल्याला शंका आहे हे गावाला कळलं! मला शंका असलेली चालते, कळलेली चालत नाही. म्हटलं, आपण कचेरीतला माणूस, आपणच शोधू. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. पूर्वीची मोजणीवाली माणसं हद्दीचा दगड रोवायची ना, तेव्हा खाली खड्ड्यात कोळसा पुरायची. का? तर दगड शेजारी हलवतो. कोळसा कोण हलवणार? तो आहे हेच कुणाला माहीत नसतं! कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. म्हटलं, कोळसा सापडला की हद्द सापडली.

नेमकी चांगुणा बहिणीकडं कवठे येमाईला गेलेली. अयुब दुकानात. भर दुपारी कुदळ घेतली आणि वईच्या कडेनं लागलो खणायला. तर पलीकडून बाजेवरून आवाज: "काय हुडीकताय, भाऊसाब?"

म्हटलं, "गांडूळखताचा खड्डा करतोय, बिबीजान."

"एवडा लांब खड्डा? गांडुळं काय शर्यत लावनार हायत?"

मी पुढं खणत गेलो. आणि काय सांगू तुम्हाला... शेवग्याच्याही अलीकडं, माझ्या अंगणात, हातभर खाली, कोळसा! चांगला ओंजळ-ओंजळ! म्हणजे खरी हद्द माझ्या अंगणात! म्हणजे शेवगा अयुबचा! आणि एका क्षणात डोक्यात लख्ख उजेड पडला... याला हे माहीत होतं! म्हणून तो भांडला नाही! मी म्हणेन तिथं खांब रोवू देणार, चहा पाजणार, अँगलसुद्धा स्वतः आणून देणार, आणि मग एक दिवस चार माणसं बोलावून तो कोळसा उकरणार! आणि सारं गाव म्हणणार, बघा, जन्मभर लोकांच्या हद्दीचे कागद पुढं सरकवले आणि म्हातारपणी शेजाऱ्याची जमीन खाल्ली! अहो, इथं माझ्याकडं दुसरं काय आहे? शेती नाही, ऊस नाही, कारखान्याचा शेअर नाही. एक अब्रू आणि एक शेवगा. दोन्ही राहतील असं दिसेना. अब्रू ठेवली.

संध्याकाळी अयुब आला, खांब कुठं लावायचे विचारायला. मी कोळशाच्या रेषेवर काठी ठेवली. म्हटलं, "इथं." तो बघतच राहिला. "भाऊसाहेब, शेवगा माज्याकडं येतोय की."

"येऊ दे."

"वहिनींला इचारलं का?"

बघा, कसा खडा टाकून बघतो! म्हटलं, "तूच म्हणालास ना, मी म्हणेन तिथं?" त्यानं एकदा शेवग्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मान हलवून म्हणाला, "बरं. तुमी म्हनाल तिथं." आणि दुसऱ्या दिवशी कुंपण उभं! असं सरळ, असं ताठ, की त्यातही मला काहीतरी वाटलं.

चांगुणा परत आली. हातात पिशवी, तशीच अंगणात उभी राहिली. "माझा शेवगा तुरुंगात का?" म्हटलं, "शेवगा नाही, आपण आतल्या बाजूला आहोत." हा विनोद तिला आवडला नाही. मग मी तिला शांतपणे सगळं समजावलं. हद्दीचा दगड, त्याखालचा कोळसा, सरकारी रीत... आणि आमचं बोलणं बाजेवर अर्थातच पोहोचत होतं. बिबीजान काठी टेकत तारेपाशी आली.

"कोळसा? कुटला कोळसा?"

मी ऐटीत बोट दाखवलं.

"आगं चांगुणा, त्यो माज्या लेकीच्या, निखतच्या लग्नातला गं! तवा ही जागा मोकळी हुती. हितं चर खणून पुलावाच्या देगी चढीवल्या हुत्या. न् लगीन झाल्यावर माती लोटून दिली." मग माझ्याकडं वळून म्हणते, "आन् भाऊसाब, तुमी जेवून गेलता की! पिलाट बघाया आलता त्याच दिशी. अयुबनं हाताला धरून बशिवलं. तुमी तर पुलाव मागून घेतलता!"

तुम्हाला सांगतो, मला तो पुलाव आठवला. चांगला झाला होता. माझी हद्द मी खाऊन बसलो होतो आणि मला पत्ता नाही!

तेवढ्यात अयुब दुकानातून आला. आईनं सांगितलं, तसा हसला. पण कसा हसला? छद्मी नाही, खिजवून नाही... सरळ हसला. तेच तर! म्हणाला, "आवं, येवडंच व्हय! सकाळी दुकानात जायच्या आदी खांब उपटतो आन् शेवग्याच्या अल्याड, माज्या बाजूला लावून देतो. कुटं लावू तेवडं सांगा. तुमी म्हनाल तिथं."

आता चांगुणा माझ्याकडं बघतेय. बिबीजान बघतेय. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. तोंडसुद्धा उघडलं होतं. पण मनात आलं... उभं राहिलेलं कुंपण कुणी परत उपटतं? झाडासकट आलेली जमीन कुणी हसत हसत परत करतं? अजून काय आहे त्या जमिनीत? रस्ता रुंद होणार आहे? विजेचा खांब येणार आहे? की आणखी कुठं कोळसा आहे, खराखुरा, आणि याला तो ठाऊक आहे? माणूस भांडत नाही म्हणजे...

म्हटलं, "राहू दे. आहे तिथं बरं आहे."

चांगुणा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते इथं सांगण्यासारखं नाही.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तारेवरून शेंगांची जुडी येते. आमच्याच झाडाच्या. चांगुणा आमटी करते, मी मुकाट्यानं जेवतो. पण तुम्हाला सांगतो, माझं लक्ष असतं. शेंगा कशा, तर कोवळ्या, सरळ, एकही जून नाही. स्वतःला वाकड्यातिकड्या ठेवतो आणि चांगल्या तेवढ्या आम्हाला देतो! का? परवा राहवेना, चांगुणाला विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारता? त्यालाच विचारा."

उठलो होतो. तारेपर्यंत गेलोही होतो. मग परत आलो आणि पानावर बसलो. काय विचारणार? विचारलं तर म्हणेल, "बरं, मग तुमी म्हनाल तसल्या देतो!"