जूनचं तिकीट

कोल्हापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी राधानगरीचे निवृत्त वनरक्षक बाळासो आणि त्यांची बायको अंबूबाई नंबरची वाट बघत बसले होते.

“अवो, लेकीला, मोनाला सफारीची तारीख सांगायची हाय. आफ्रिकंतलं तंबू भरत आल्यात म्हणती ती.”

“त्या तंबवास्नी कुंपण नसतंय म्हणं. सिंह आत आला तर?”

“तीस वर्सं जंगलात फिरलासा की.”

“तवा डोळं धड हुतं. आता बाजूचं कायबी दिसत न्हाय.”

“बाजूला मी हाय की.”

“ऑक्टोबरात जाऊया. पाणवठ्यावर हत्तींचं कळप येत्यात.”

“ऑक्टोबरला अजून पाच म्हैनं हायत. तवर दिसत ऱ्हाईल म्हणाले का डाक्टर मागल्या खेपेला?”

बाळासोंनी हातातल्या केसपेपरची घडी घालून खिशात ठेवली.

“न्हाय म्हणाले. जूनचं तिकीट काढाय सांग तिला.”