दोन पांढऱ्या वायरी

— नाही नाही, बॅटरी बदला, तो कंट्रोलरही बदला, त्याला माझी ना कुठंय? नवी बॅटरी जास्त जोराची, जुना कंट्रोलर तेवढा जोर सोसायचा नाही, म्हणून दोन्ही एकदमच बदलायचं — कळलं मला. बस चालवलीय मी, मिस्त्री, सबंध नोकरीभर बस चालवलीय, इंजिनाचं दुखणं मला आवाजावरून कळायचं. विजेचं जरा कमी कळतं, एवढंच. पण मी विचारतोय ते वेगळंच आहे. मी विचारतोय की हे सगळं बसवल्यावर ही सायकल पळणार किती? नुसती मान हलवू नका. हां, तोंडात स्क्रू आहेत तुमच्या, खरंच की. मग हातानं दाखवा. माझ्या साध्या सायकलीपेक्षा जास्त? दुप्पट? अहो, मग कसं व्हायचं? हे तर जरा अतीच होतंय.

म्हणजे सायकल माझी नाही, हिची आहे, ते लिहून घेतलंय ना तुम्ही? आमची ही पुस्तकं बांधते. फाटकी, पानं सुटलेली, उंदरांनी कुरतडलेली — टेकडीवर जे वाचनालय आहे, तिथली सगळी आजारी पुस्तकं आमच्या घरी येतात आणि बरी होऊन परत जातात. तर ही दर आठवड्याला मागच्या कॅरिअरवर गठ्ठा बांधून वर जाते. आणि मी? मी सोबत जातो. माझं काय काम? काही नाही. एखादं पातळसं पुस्तक माझ्या पिशवीत टाकते ती, म्हणजे मला रिकामं वाटू नये. माझी सायकल साधी. बॅटरीची घ्या म्हणून सगळे मागे लागलेत — तुम्हीपण आत्ता तसंच बघताय, ते भिंतीवरचं पोस्टर दाखवू नका मला — पण मी आख्ख्या गावाला ओढून नेलेला माणूस, आता मला यंत्रानं ओढायचं? नाही जमणार. गुडघे दुखतात, ते माझे मी बघून घेईन.

तर मुद्दा असा की हिची सायकल जरा हळू ठेवता येते का? म्हणजे बॅटरी नवी, सगळं नवं, पण वेग आपला जुनाच. काळजीपोटी म्हणतोय मी. वय झालंय तिचं. आता वय म्हणजे — माझ्यापेक्षा लहानच आहे, आणि हात असा स्थिर की सुईत दोरा एका फटक्यात ओवते, चष्मा न लावता. ब्रेक पण माझ्यापेक्षा बरा मारते. पण रस्त्यावर काय, आपण नीट चालवून भागतं थोडंच? समोरचा कसा येईल काय सांगावं. मी बघितलेत ना एकेक नग. त्या वळणावर तर लोक असे येतात, जणू रस्ता सासऱ्यानं आंदण दिलाय.

हसताय? हसा. स्क्रू गिळाल मात्र.

बरं, खरं सांगतो. काळजी-बिळजी आहेच, पण खरं ते नाही. वाचनालयाच्या अलीकडे तो लांबलचक चढ आहे, बघितलाय ना तुम्ही, दवाखाना ओलांडला की सुरू होतो तो? तिथं माझ्यानं पायडल मारवत नाही. मी उतरतो. आणि मी उतरलो की ही पण उतरते. म्हणते, बॅटरी ओढत नाही हो चढावर, काय करू. मग आम्ही दोघं दोन सायकली हातात धरून चालत जातो, वरपर्यंत. आणि तेवढ्या वेळात ही बोलते. तुम्ही म्हणाल, त्यात काय, बायको बोलते हे काय सांगण्यासारखं आहे? पण आमची नाही हो बोलत. घरी तिच्या तोंडात कायम दोरा — शिवताना दातांत धरते तो मेणाचा दोरा — आणि दोन्ही हात पुस्तकात. काही विचारलं की हं, किंवा अंहं. मी दिवसभर बोलतो आणि ती हं म्हणते. इथं आलो तर तुमच्या तोंडात स्क्रू. माझ्या नशिबी अशीच माणसं लिहिलीत बहुतेक.

चढावर मात्र हातात हँडल, तोंड मोकळं. मग काय विचारता. कुठल्या पुस्तकात कुणी काय खूण ठेवलेली सापडली, समोरच्या घरातल्या मोठ्या जावेनं धाकटीला काय ऐकवलं, हिच्या आईला पोहता येत होतं आणि ते हिच्या वडिलांना कधीच कळलं नाही — असलं सगळं. मला एकाही गोष्टीचा पत्ता नव्हता. एवढा संसार झाला, मुलगी लग्न होऊन गेली, आणि मला माझ्या सासूबाईंना पोहता येत होतं हे निवृत्त झाल्यावर कळतंय, तेही सायकल ढकलताना, धापा टाकत. एकदा म्हणाली, तुमची शेवटची फेरी असायची ना, तेव्हा डेपोच्या फाटकात तुम्ही हॉर्न द्यायचात, दोनदा, तो आपल्या घरी ऐकू यायचा, तो ऐकल्याशिवाय मी दिवा मालवला नाही कधी. मी म्हटलं, अगं, मी तर घरी आलो की तू झोपलेली असायचीस. तर म्हणाली, झोपलेली कुठली, पडलेली असायचे. तुम्ही लगेच बोलायला लागला असतात ना, म्हणून डोळे मिटायचे.  मी सायकलची घंटी वाजवली, दोनदा.  

आणि परवा ही बॅटरी पार बसली. चढ लांबच राहिला, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मेली. लेक म्हणाली, आईची सायकल नवी करून घ्या बाबा, मी आणते सगळं सामान, आणि हे आणलं तिनं, एकदम जोरदार. चांगलंच आहे. हिला मिळायलाच हवं. पण मिस्त्री, माझ्या डोक्यात सारखं तेच येतंय — ही त्या चढावरून सुर्रकन वर जाईल आणि मी खाली दवाखान्यापाशी सायकल धरून उभा. वर गेल्यावर थांबेल ती, थांबणार नाही असं नाही. पण थांबणं वेगळं आणि सोबत चालणं वेगळं. मला तिच्याबरोबर चालत जायचंय हो. बस, एवढंच आहे. हे लेकीला सांगितलं तर हसेल, आणि हिला सांगितलं तर — हिला सांगायचा प्रश्नच येत नाही.

म्हणून म्हणतो, काहीतरी करा. म्हणजे बिघाड नको. बिघाड नाही, नुसती जरा... काय? ह्या? ह्या नव्या कंट्रोलरच्या दोन पांढऱ्या वायरी? ह्या एकमेकींना जोडल्या की वेग अडतो? एवढंच? आणि मोटर पण जोर लावत नाही, चढावर सुद्धा? आणि कुणाला बाहेरून काही दिसत नाही? अहो, मग जोडा की. वाट कसली बघताय? आधी सांगितलं असतंत तर माझा एवढा घसा कोरडा झाला नसता. जोडा, आणि वरून ते झाकण घट्ट लावा. हिला म्हणायचं, नवी बॅटरी पण तसलीच निघाली, हल्लीच्या मालात दम राहिलेला नाही. मी आहेच शिव्या द्यायला. अहो, ही सायकल नवीन घेतली ना, तेव्हापण हेच झालेलं. पहिले काही दिवस अशी पळायची, मी वाचनालयाच्या दारात घामाघूम पोचायचो तोवर हिचा गठ्ठा देऊन झालेला असायचा आणि ही पायरीवर बसलेली. माझा चेहरा काय होत असेल तो असेल. आणि मग एकाएकी सायकल बसली. पळेना, चढेना. मी त्या दुकानदाराकडे जाऊन असं भांडलो, असं भांडलो, की आजूबाजूची चार माणसं गोळा झाली. फसवणूक म्हटलं, चोर म्हटलं. तो बिचारा म्हणतोय की सायकल आणा, उघडून बघतो, आणि ही माझी बाही ओढतेय — अहो जाऊ द्या, चालते तेवढी पुरे, मला कुठं शर्यत लावायचीय. ओढतच घरी घेऊन आली मला. अजून त्या दुकानावरून जाताना मी मान फिरवतो.

काढा, काढा तो जुना कंट्रोलर. सीटखालच्या डब्यात आहे ना? केवढी धूळ बसलीय. काय झालं? जळलाय का आतून? मग थांबलात का?

बघू.

ह्या काय, ह्या जुन्यातल्यापण पांढऱ्या वायरी ना? जोडलेल्याच आहेत की ह्या. पहिल्यापासून? म्हणजे दुकानदारानंच — बघा, मी म्हणत होतो ना, चोर, मी म्हणतच... नाही? दुकानातून येताना सुट्या असतात? मग कुणी केलं हे? थांबा, उजेडात धरा जरा. हे वर काय गुंडाळलंय? टेप नाही ही. हे कापड आहे. निळं. पुस्तकाच्या पाठीला लावतात ते. आणि खाली हा दोरा — हात लावून बघू द्या — मेणाचा आहे.

ही गाठ बघा. दोन वेढे आणि टोक आत खुपसलेलं, बाहेर काही लोंबत नाही. माझ्या चष्म्याच्या दांडीला अशीच आहे. ही बघा. माझ्या पिशवीच्या बंदाला अशीच आहे.

सायकलीबरोबर एक माहितीपत्रक आलेलं होतं. मी फेकून देत होतो. ती म्हणाली, राहू द्या, मी वाचते. ती सगळं वाचते.

काय म्हणालात? स्क्रू काढलेत होय तोंडातून. नाही, मला बसायला नको. मी ठीक आहे. 

म्हणजे बॅटरी ओढत नाही, ओढत नाही म्हणत ती माझ्याबरोबर इतकी वर्षं... आणि मी त्या माणसाला चार लोकांत चोर म्हटलं. जाताना त्याच्याकडे जावं लागणार मला. काय सांगणार त्याला, देव जाणे.

नाही, नव्याला जोडू नका. मघाशी म्हटलं होतं, ते विसरा. मोकळ्या ठेवा. कापू मात्र नका हां, आणि आत कोंबू पण नका, डबा उघडला की तिच्या हाताला लागतील अशा ठेवा दोन्ही. बांधायच्या की नाही ते ती बघेल. तिच्याकडे दोरा आहे. पळायचं असेल तर पळू दे की हिला, मी येईन मागून, त्यात काय. वर पायरीवर बसलेली दिसेल मला.

संध्याकाळी तीच येईल सायकल न्यायला. मी यातलं काही पाहिलेलं नाही, आणि तुम्हीही नाही, कळलं? आणि ती निळी पट्टी, दोऱ्यासकट, तशीच काढून इकडे द्या. गाठ सोडू नका. जुन्याच्या वायरी कापा हव्या तर, गाठ नको. खिशात ठेवतो.

असं बघू नका माझ्याकडे. घाला ते स्क्रू परत तोंडात.