बैठकीची खोली आणि दुसरी किल्ली

नाव: कामावर सगळे आत्या म्हणतात, तेच लिहावे असा आग्रह. वय: ५८ वर्षे. धंदा: ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत पॅकिंग विभागाची प्रमुख, निदान आज सकाळपर्यंत तरी. राहणार: गोदामामागच्या गल्लीत, दुसरा मजला.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, आमची कंपनी भांड्यांची व डब्यांची सुटी झाकणे ऑनलाइन विकते. भांडे टिकते, झाकण हरवते, यावर आमचा धंदा उभा आहे. कंपनी माझ्या भावाच्या मुलाची आहे. तो सहा वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे वाढला. सुरुवातीला मी व तो दोघेच माझ्या स्वयंपाकघरात पार्सले बांधत होतो. आता गोदाम आहे, माणसे चाळीस आहेत, दिवसाला हजाराच्या घरात पार्सले जातात.

पूर्वी काम हाकेवर चालत असे. मी ओरडायचे, माणसे हलायची. तीन महिन्यांपूर्वी भाच्याने नवा ऑपरेशन्स मॅनेजर आणला. त्याने नियम केला की तोंडी काही चालणार नाही. कोणतेही काम असो, आधी संगणकावर विनंती टाकायची, तिला नंबर पडायचा, मग हात लावायचा. नंबर काढण्याचा अधिकार चौघांनाच: भाचा, नवा मॅनेजर, माणसे भरणाऱ्या बाई आणि हिशेबनीस. मी एकदा नंबराविना एक खोका उचलला, तेव्हा भाचा चाळीस माणसांसमोर म्हणाला, "आत्या, कंपनी हाकेवर मोठी होत नाही. नियम तुम्हालाही आहे." घरी तो मला अगं-तुगं करतो. मला त्या 'तुम्ही'चे वाईट वाटले, हे लिहून घ्यावे.

गेल्या सोमवारी भाच्याने जाहीर केले की आजच्या तारखेपासून पॅकिंग नवा मॅनेजर बघेल व मी सल्लागार होईन. सल्लागाराचे काम काय, असे मी विचारले. त्यावर मला खुर्ची दाखवण्यात आली. खुर्ची चांगली आहे, तिला चाके आहेत.

आज सकाळी संघभावना वाढवण्यासाठी बाहेरून एक प्रशिक्षक आले. खेळ असा होता की नंबर काढणारे चौघे व प्रशिक्षक यांनी बैठकीच्या खोलीत कोंडून घ्यायचे, कोडी सोडवत खोलीतच लपवलेली किल्ली शोधायची आणि बाहेर यायचे. ते कुलूप दोन्ही बाजूंनी किल्लीने उघडते. सर्वांचे मोबाइल एका टोपलीत घालून माझ्या टेबलावर ठेवले होते. अकरा वाजता प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून मी माझ्याजवळच्या दुसऱ्या किल्लीने बाहेरून कुलूप लावले. खोलीला जोडून संडास आहे, पंखा चालू होता, पाण्याचा जार भरलेला होता. हे मी आधी मुद्दाम पाहून घेतले होते.

पावणेबारा वाजता आतून दार ठोठावले. किल्ली सापडत नव्हती. चौकशी केली असता कळले की प्रशिक्षकांनी ती पॅकिंगच्या फळीवरून आणलेल्या खोक्यात लपवली होती, आणि त्या खोक्यावर गिऱ्हाइकाचे लेबल होते. लेबल लागलेला खोका दिसेल तिथून उचलून गाडीत टाकावा, हा नव्या मॅनेजरचाच नियम. त्यामुळे पावणेअकराला आमच्या पॅकिंगच्या मुलीने तो बैठकीच्या खोलीतून उचलला. किल्ली आता एका गिऱ्हाइकाकडे निघाली आहे. सोबत झाकणही आहे, त्यामुळे तक्रार येणार नाही असे वाटते.

आतून मला दार उघडण्यास सांगण्यात आले. मी विनंतीचा नंबर विचारला. नंबर काढता येणारे चौघेही आतच होते, आणि संगणक बाहेर होता. मग दाराखालून चिठ्ठ्या आल्या. पहिलीवर 'कृपया', दुसरीवर 'तातडीचे' आणि तिसरीवर नव्या मॅनेजरची सही. मी तिन्हींवर 'नंबर?' एवढेच लिहून परत सरकवल्या. प्रशिक्षक कायद्याची भाषा बोलले. मी म्हटले, तोंडी चालत नाही.

किल्ली माझ्या कमरेलाच होती का, असे विचारता सांगते की, होती. सकाळपासून होती.

मधल्या काळात काम बंद नव्हते. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. मी पूर्वीसारखी हाक मारली. नंबर पडलेली सकाळची सर्व पार्सले रांगेत होतीच. रोज सहापर्यंत खोळंबणारी गाडी आज साडेतीनला भरून गेली. पार्सले अकराशे बारा, चूक एकही नाही. त्यात संघभावना किती होती ते प्रशिक्षकांना ठाऊक. ते आत होते.

मी रोज दोन डबे आणते. दुसरा भाच्याचा. मॅनेजर आल्यापासून तो त्यांच्याबरोबर बाहेर जेवतो, त्यामुळे तीन महिने दुसरा डबा भरलेलाच घरी जातो. तरी आणते. सवय आहे.

तीन चाळीसला सर्वांचे ठोठावणे थांबले होते. तेव्हा दाराला तोंड लावून भाचा हळू म्हणाला, "आत्या, भूक लागलीय गं."

त्याला नंबर लागत नाही. मी दार उघडले.

तो माझ्या टेबलाशी बसून जेवला. नवा मॅनेजर रिकाम्या फळ्या बघत फिरत होता. प्रशिक्षक थेट आपल्या ठाण्यात आले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून भाच्याने तक्रार दिलेली नाही, आणि माझीही कोणाविरुद्ध नाही.

मला दुचाकीवर इकडे त्यानेच आणले. ठाण्याच्या पायऱ्यांवर एवढेच म्हणाला, "उद्या गाडी लवकर आहे. सातला ये." सल्लागाराला कोणी सातला बोलावत नाही, एवढे मला कळते. किल्ली मी त्याच्यापुढे धरली असता त्याने ती घेतली नाही. तो बाहेर बाकावर बसला आहे. त्याच्या मांडीवर डबा आहे, त्याचे झाकण नीट लागलेले नाही, हे त्याला सांगावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. 'डांबून ठेवले' असे लिहिले होते तेथे 'नियमाप्रमाणे ठेवले' अशी दुरुस्ती करून घेतली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच व खरे आहे.