सर, येऊ का?

— नाही नाही, तुम्ही बसून बोला. उभ्या-उभ्या तक्रार केली की तिला वजन येत नाही. याच शाळेत तीस वर्षं कारकुनी केलीय मी, तेवढं कळतं. काय म्हणालात, पालकांचं म्हणणं आहे? कुठल्या पालकांचं? — बरं, सगळ्यांचं. म्हणजे मी फारच मोठं काम केलं म्हणायचं. एरवी सहलीच्या तारखेवर त्यांचं एकमत होत नाही. तर एक म्हातारा रोज शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर बाकावर येऊन बसतो आणि पहिलीच्या मुलांकडे बघत राहतो — हीच ना तक्रार? रास्त आहे. मी पालक असतो तर मीही केली असती. तुमचं कोण आहे पहिलीत? मुलगी. हं.

सुटायला दहा मिनिटं आहेत, बसा तोवर. मला सांगा, पहिलीत काय शिकतात मुलं? — अक्षरं, अंक! सगळे हेच म्हणतात. अहो, अक्षरं काय, आज ना उद्या येतातच. 'ण' बाणाचाच का, त्याला स्वतःचा म्हणून एक शब्द का मिळू नये, हे मला अजून कळलेलं नाही — नोकरी अडली का माझी? पहिलीत शिकतात ते वेगळंच. रांगेत उभं राहायचं, पुढचीची वेणी ओढायची नाही, कितीही लागली तरी करंगळी वर करून वाट बघायची. आणि दारात थांबायचं. वर्ग आपलाच, आत दप्तर आपलंच, तरी थांबायचं आणि विचारायचं, येऊ का? आतून 'ये' म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. घरी विचारतं का कोणी असं? नाही विचारत. आणि मोठ्या माणसानं सांगितलं की ऐकायचं — हे तर अक्षरांच्याही आधी.

मीच शिकवलंय हे. म्हणजे एकच दिवस. पहिलीच्या बाई आजारी, दुसरं कोणी मोकळं नाही, मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही बसा आजच्या दिवस. मला काय कप्पाळ शिकवता येतंय! सबंध सकाळ पोरांना दारातून आत-बाहेर करायला लावलं — सर, येऊ का? ये. सर, येऊ का? ये. त्यांना मजा वाटली, काही दोनदोनदा आली. एकजण होती, डावा बूट उजव्या पायात घातलेली, ती पाच वेळा आली. दर वेळी चेहरा असा गंभीर, जसा काही बदलीचा अर्ज घेऊन आलीय.

शाळा सुटली. मुलं खाली गेली, मी वर्गातच महिन्याचा तक्ता भरत बसलो, मान खाली. दारात आवाज आला — सर, येऊ का? आता तुम्हीच सांगा, शाळा सुटल्यावर दारातून कोणी 'येऊ का' म्हटलं तर काय समजाल? निघतानाही आपण तेच म्हणतो ना? 'जातो' म्हणू नये, येतो म्हणावं — लहानपणापासून हेच ऐकलंय आपण. मी म्हणालो, हो, ये हं, नीट घरी जा. मान वर केली नाही. एक ओळ राहिली होती तक्त्याची.

त्या उलट्या बुटांवालीचे आजोबा तिला न्यायला आले पंधरा मिनिटांनी. सायकल पंक्चर झालेली, ती हातानं ढकलत. — दिवेलागणीला सापडली. बंद गिरणीच्या मागे पाण्याची टाकी होती, उघडी. — राहू द्या ते.

अहवाल मीच लिहिला, अक्षर चांगलं ना माझं! 'विद्यार्थिनी रीतसर परवानगी मागून घरी गेली.' कोणी बोट ठेवलं नाही. आठवड्यानं आजोबा दप्तर न्यायला आले. मला वाटलं, म्हाताऱ्याला जरा बरं वाटेल, म्हणून सांगितलं — गुणाची होती हो, न विचारता नाही गेली, 'येऊ का' म्हणाली. ते म्हणाले, छे हो, ती कुठली 'येते' म्हणायला! आजी रोज ओरडायची, अगं, जाते म्हणू नये. तर ही म्हणायची, जायचं असताना येते कसं म्हणू, खोटं होईल ना ते! — एवढं बोलले आणि दप्तर घेऊन जिना उतरले. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. मी तिथंच उभा.

आत यायचं होतं हो तिला. खाली आजोबा दिसले नाहीत म्हणून परत वर आली, सकाळी शिकवलेलं नीट विचारलं. मी घरी जा म्हणालो. ऐकलं तिनं.

— हे कशाला सांगत बसलो तुम्हाला... बायकोलाही सांगितलं नव्हतं. तुम्ही मध्ये बोलला नाहीत, त्यामुळे झालं.

घंटा झाली. उठा. कुठली तुमची — ती, पिवळ्या दप्तराची? मग बघत काय बसलात, हात धरा आधी तिचा! काय? पालकांना काय सांगू? सांगा, म्हातारा ऐकत नाही. मुख्याध्यापकांकडे जा, पोलिसांत जा, कुठंही जा. — नाही, आता बोलू नका माझ्याशी. चौघं अजून पायरीवर आहेत, आणि त्यांचं कोणी आलेलं नाही.