बिनचिठ्ठीचे डबे

नाही नाही, तुम्ही आधी इकडे या, हे बघा — शी! — तोंड काय फिरवताय, तुमच्याच गाडीतनं निघालंय. हा बुश आहे. म्हणजे होता. हँडलच्या खाली हे रबराचे बुश असतात, रस्त्याचे धक्के ते खातात म्हणून तुमची मनगटं शाबूत राहतात. आणि ह्याचं काय झालंय? फुगलाय, मऊ पडलाय, बोट लावलं तर काळा चिखल — अहो, लावू नका! शर्टाला लागलं तर वहिनी घरात घेणार नाहीत. हँडल डुगडुगतंय म्हणालात, डुगडुगणारच! आणि ह्याच गाडीवर टाकीवर बसवून मुलीला शाळेत सोडता? धन्य आहे. असलं काम बघितलं ना, की किळस येते मला, जेवण जात नाही.

कोणी बसवले हे? ‘असाच एक रस्त्यावरचा’ — कशाला खोटं बोलता, साहेब? हा ओरखडा बघा. एक गाडीच्या पट्टीवर, एक बुशच्या कडेवर, बरोबर समोरासमोर. आधी खिळ्यानं खूण करायची, मग हातोडी न मारता, बोल्ट आवळत आवळत बुश आत ओढून घ्यायचा. आमच्या बाबांची पद्धत. बाबा गेले, आता अशी खूण दोनच माणसं करतात. एक मी. दुसरा मागच्या गल्लीत बसलाय, माझा सख्खा थोरला भाऊ. — अहो, लाजता काय, गेलात तर गेलात, मला काय त्याचं! आमचं बोलणं नाही. मी त्याच्या दुकानाकडे बघतसुद्धा नाही. आता चहाला जाताना वाटेतच येतं ते, म्हणून दिसतं — हल्ली उशिरा उघडतो, शटर अर्धंच वर करतो, स्टुलावर बसून पाय चोळत असतो — जाऊ दे. बसू दे नाहीतर उभा राहू दे.

पण रबराला बेअरिंगचं ग्रीस? दादानं? शेंबडं पोरही सांगेल की त्यानं रबर कुजतं! रबराचं ग्रीस वेगळं, तेही नखाएवढं, बुश सुळकन आत जाण्यापुरतं. आणि ह्यानं थापलंय बघा, शी शी, पुरणासारखं भरलंय. आता दिसायला दोन्ही ग्रीस सारखीच, मळकट पिवळी, आणि बाबांचे डबेही सारखेच, कशावर काही लिहिलेलं नाही. चिमटीत धरायचं, चोळायचं. साबणासारखं सटकलं तर रबराचं, चिकटलं तर बेअरिंगचं. बोटांनी ओळखायचं. मी आपलं एक दिवस दोन्ही डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, नावं घालून. झालं! दादानं टराटरा फाडल्या. म्हणे, चिठ्ठी वाचून काम करायचं तर किराणा मालाचं दुकान टाक. गिऱ्हाइकांसमोर! मीही मग ऐकून घेतलं नाही. त्या दोन चिठ्ठ्यांवरनं चूल वेगळी, दुकान वेगळं, दादाच्या बायकोनं मला दिवाळखोर म्हणायचं नि आमच्या हिनं तिला आगलावी. हसू नका. तुमच्या घरात ह्याहून मोठ्या कारणावरनं होतात होय भांडणं?

आणि आता बघा, गेली ना बोटांची मिजास! मला खरं तर आनंद व्हायला पाहिजे. होतोय. — काय म्हणालात? चोळलं होतं त्यानं? तुमच्यासमोर? बराच वेळ? मग चुकला कसा? … तुम्हाला? तुम्हाला विचारलं त्यानं — ‘चिकट लागतंय का बघा जरा’? दादानं गिऱ्हाइकाला विचारलं? आणि तुम्ही काय सांगितलंत? हसलात. थट्टा वाटली तुम्हाला. हो, वाटणारच, तुमचा काय दोष.

थांबा. अंगठ्याला काय होतं म्हणालात? भाजलेलं. गरम सायलेन्सरला टेकला होता अंगठा आणि त्याला पत्ताच नव्हता, तुम्ही सांगितल्यावर काढला. असं. … नाही, काही नाही. बाबांचं असंच झालं होतं शेवटी. साखर. आधी पाय गेले, म्हणजे होते, पण चप्पल निसटली तरी कळायचं नाही. मग बोटं. चहाचा पेला हातात उकळता असायचा आणि बाबा आपले गप्पा मारतायत. दादानंच केलं सगळं त्यांचं, घासही तोच भरवायचा. म्हणजे त्याला कळलं असणार. मूर्खाला कळलं असणार आणि सांगितलं नाही! कुणाला सांगणार म्हणा, इकडे मी फुगून बसलोय. पण चोळत बसला, अंदाजानं थापत बसला — शी! काय हा माज! मरेल पण डब्यावर चिठ्ठी लावणार नाही.

गाडी राहू द्या इथेच. नवे बुश उद्या घालतो, नाहीतर परवा. रिक्षा करा, मुलीला सांगा दोन दिवस चालत जा. नाही, आज नाही होणार, दुकान बंद करतोय. ते ग्रीसचे डबे द्या इकडे, फळीवरचे, चिठ्ठीवाले. दोन्ही द्या. — काय बघताय? डोळे आहेत अजून त्याचे, वाचेल. फाडल्या तर पुन्हा चिकटवीन. व्हा बाजूला, शटर ओढू द्या.