मूळ पेशीची बजावणी

[लोहारा. भर दुपार. न्हाणीघराचं दार आतून लावलेलं. आत महांतप्पा. बाहेर त्यांची बायको शांताक्का आणि पुतणी शिवलीला उभ्या.]

महांतप्पा : चौतीस वर्सं! कोर्टाचा बेलीफ म्हणून चौतीस वर्सं ह्या तालुक्यात हिंडलो. म्या नेलेलं एक समन्स माघारी आलं न्हाय. माणूस उसात लपू दे, कणगीत लपू दे, कायद्याच्या हातातनं कुणी सुटत नसतंय, ध्यानात ठेवा!

शिवलीला : मग दार उघडा ना, काका.

महांतप्पा : मी घरात न्हाय.

शांताक्का : बघ गं बाई. सकाळी तुझा फोन आल्यापासनं न्हाणीत बसलेत. भाकरी दाराशी ठिवली, ती मांजरानं खाल्ली.

महांतप्पा : खोटी साक्ष. निम्मी मी खाल्ली.

शिवलीला : काका, सोलापूरहून एस्टीत उभी राहून आलेय. आठ दिवसांपूर्वी तुमच्या प्रोस्टेटचे बारा तुकडे तपासायला काढले होते, त्याचा रिपोर्ट आणलाय.

महांतप्पा : पाकीट बंद हाय का उघडं?

शिवलीला : उघडं. मी वाचलाय.

महांतप्पा : आन् आल्या आल्या हसली न्हाईस.

शिवलीला : दार उघडा, मग हसते.

महांतप्पा : हे बघ पोरी. बजावणी झाल्याबिगर खटला उभा राहत न्हाय. जवर कागद माझ्या हातात पडला न्हाय, तवर मला कायबी झालेलं न्हाय. हे मी म्हणत न्हाय, कायदा म्हणतो.

शांताक्का : कायदा म्हणं! आठ दिवस झाले, इष्टलिंग तळहातावर घेतेत आन् पूजा इसरून तसंच बसतेत. इभूती लावायची ऱ्हाती. इचारलं की म्हणतेत, ध्यान लागलं हुतं. चाळीस वर्सांत कवा लागलं न्हाय ते.

महांतप्पा : शांते, सुम्म बस, गप.

शांताक्का : न्हाय बसत सुम्म. तुमी भाईर या.

शिवलीला : बरं, कागद नका घेऊ. नुसतं ऐका. माझं सगळं संशोधनच याच्यावर चाललंय. प्रोस्टेटमधल्या मूळ पेशी…

महांतप्पा : मूळ पेशी? पयली पेशी झाली बी? नोटीस न्हाय, पुकारा न्हाय, आन् माझ्या माघारी पेशी उरकली?

शिवलीला : कोर्टाची पेशी नव्हे काका! तारीख नव्हे. अंगातली पेशी. जिच्यापासून सगळं शरीर बनतं ती.

महांतप्पा : मग तसं मराठीत सांग की.

शिवलीला : मराठीतच सांगितलं!

शांताक्का : नुसते फाटे फोडतेत. तू सांग.

शिवलीला : मूत्राशयाच्या तोंडाशी सुपारीसारखी एक ग्रंथी असते. तिच्यात बारीक नळ्या, आणि नळ्यांना आतून दोन थर. वरचा थर काम करतो, झिजतो, मरतो. खालच्या थरात काही पेशी गप्प बसलेल्या असतात. वरचं कुणी गेलं की त्याच्या जागी नवीन तयार करून देतात, आणि स्वतः परत आपल्या जागेवर. वरच्या थरातही अशा थोड्या असतात. त्या मूळ पेशी. त्यांच्या जिवावर ग्रंथी जन्मभर चालते.

महांतप्पा : म्हंजी नाजर.

शिवलीला : कोण?

महांतप्पा : कोर्टातला नाजर गं. जज येतेत, बदलून जातेत. कारकून रिटायर हुतेत, शिपाई मरतेत. नाजराची खुर्ची तिथंच. कुठली जागा रिकामी, कुठं कोण बसवायचा, समदं त्याच्याकडं. भाईरच्याला वाटतं कोर्ट जजाचं हाय.

शिवलीला : हां, नाजरच म्हणा. आता वय झालं की ह्या नाजराचं तंत्र बिघडतं. जागा रिकामी नसली तरी भरती करत सुटतो. ग्रंथी फुगते, लघवी अडते. चार वर्षं तुम्हाला त्रास होता तो ह्याच जातीचा असावा.

महांतप्पा : जादा भरती. ह्याला काय गुन्हा म्हणत न्हायत. सरकारात बी हुती. झालं तर मग, हितंच थांबू.

शांताक्का : फुडं बोल गं तू.

शिवलीला : कधी कधी… नाजरच फिरतो.

महांतप्पा : फिरतो म्हंजी?

शिवलीला : खोटे शिक्के मारायला लागतो. मग त्याच्या सहीनं जो येईल तो त्याच्यासारखाच. कधी वरचा एखादा कारकूनच नाजराच्या खुर्चीत जाऊन बसतो. सुरुवात नेमकी कुणापासून होते, यावर आमच्यात अजून भांडणं चालू आहेत.

महांतप्पा : बघ! तुमच्यातच निकाल लागलेला न्हाय, आन् मला आरोपी करायला निघालीस.

शिवलीला : कुणी केलं त्याचा निकाल नाही लागला, काका.

महांतप्पा : …मग त्याचं पाणी तोडा की. न्हाय ऐकत तर उपाशी मारा.

शिवलीला : तसंही करतात, आजार पसरला की. ही ग्रंथी पुरुषी हार्मोनवर जगते. ते इंजेक्शननं बंद केलं की गाठ आटते. पण काही मूळ पेशींना त्याची तेवढी गरज नसते. त्या दबून बसतात, आणि पुढं कधीतरी परत डोकं काढू शकतात.

महांतप्पा : म्हंजी नुसता स्टे.

शिवलीला : स्टे. म्हणून तर म्हणते, गाठ लहान आहे तोवर आत्ताच डॉक्टरांपुढं…

शांताक्का : म्हंजी गाठ हाय.

शिवलीला : काकू…

शांताक्का : तसली हाय? खोट्या शिक्क्याची?

महांतप्पा : मला कायबी ऐकू आलं न्हाय. नळ चालू हुता.

शांताक्का : नळाला तीन दिस झाले पाणी न्हाय.

शिवलीला : काका, दाराखालून सरकवू का?

महांतप्पा : बजावणीत धरत न्हायत. शिवाय फरशी वली हाय.

शिवलीला : दारावर डकवते.

महांतप्पा : पंच कुठाय? दोन लागतेत. अगं, माकणीच्या एका गड्यानं मला असंच सात येळा माघारी लावलं. घरात बसून बायकूला सांगायला लावायचा, गावाला गेलेत म्हणून. आठव्या येळी म्या अंगणात उभा राहून मोठ्यानं म्हणलं, जावई आलाय हो! पळतच भाईर आला.

शिवलीला : तो डाव मी करणार नाही. तुमचाच दुसरा नियम लावते. माणूस सापडत नसला की घरातल्या जाणत्या माणसाच्या हाती द्यायचं. बजावणी पक्की. मी चौथीत होते, ओसरीवर बसून सांगितला होता तुम्ही.

महांतप्पा : …शांते, घेऊ नगं.

शांताक्का : आण गं इकडं.

महांतप्पा : शांते! तुला इंग्रजी येत न्हाय.

शांताक्का : न्हाय तर न्हाय. हात हायत की मला. आण… लई हलका हाय वो ह्यो कागद. एवढ्यासाठी आठ दिस घोर लावून बसलाव व्हय?

महांतप्पा : तुझा आवाज का थरथरतोय?

शांताक्का : थरथरंना. तुमी बसा आत. मी हाय की. मी घेतला कागद, आता मीच जाते डॉक्टरकडं.

महांतप्पा : तू जाऊन काय दाखवणार हाईस त्यास्नी? दारातनं बाजूला सर. कडी घट झालीय ही… सर म्हणलं ना. दे ते. माझ्या नावाचं हाय ते, तू कशाला धरून उभारलीस.

शिवलीला : काका, आधी खुर्चीत बसा.

महांतप्पा : थांब, चष्मा… हां. "महानंदा सोमलिंग बिराजदार. वय एकाहत्तर. पुरुष."

शांताक्का : महानंदा? ही तर बाई हाय!

शिवलीला : टाइप करताना चुकलंय, काकू.

शांताक्का : बाईला ही गाठ असती का?

शिवलीला : नाही.

शांताक्का : मग झालं की! ह्यांचं न्हाय हे! अवो, बोला की. नाव चुकलं की समन्स रद्द हुतंय म्हणायचाव ना तुमी? बोला ना.

महांतप्पा : पोरी, तू खात्री केलीस?

शिवलीला : बस सुटायच्या आधी लॅबमध्ये जाऊन केली. नमुन्याचा नंबर तुमचा, मोबाइल तुमचा. बारापैकी तीन तुकड्यांत आहे. पण जहाल जातीचं नाही. बाहेर पसरलंय का, ते अजून तपासायचंय. ते तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही, आणि खोटं तर मुळीच सांगणार नाही.

शांताक्का : पर नाव…

महांतप्पा : शांते, हितं बस माझ्यापाशी. ह्या एका चुकीवर माघारी गेलेली लई माणसं बघितली म्या. हसत जायची. म्हैन्याभरानं नाव दुरुस्त हून मीच परत त्यांच्या दारात. खटला सुटत नसतो गं, नुसती तारीख जाती. आन् ही म्हणती, गाठ लहान हाय तवर. पेन दे गं.

शिवलीला : सही लागत नाही, काका.

महांतप्पा : लागती. "मिळाला." महांतप्पा बिराजदार. आजची तारीख. हां. आता सांग, पेशी कवा?

शिवलीला : गुरुवारी, अकरा वाजता. सोलापूरला. मी असेन बरोबर.

महांतप्पा : हजर राहीन म्हणून कळीव. साडेधालाच जाऊन बसू.

शिवलीला : बरं.

महांतप्पा : आन् शिवलीला…

शिवलीला : बोला काका.

महांतप्पा : आत तपासायला घेतील तव्हा, तू तेवढी भाईर थांब, माय.